सोळा अंश

हलमधल्या फेब्रुवारीत
बाहेर थंडी, आणि शीतखोलीत चार अंश,
म्हणजे आतच जरा ऊब.
एप्रनखाली दोन स्वेटर घालून
मी कॉडच्या कातडीतून कोलॅजन काढते.

तीन साखळ्या. प्रत्येक डावीकडे वळलेली,
आणि तिघी मिळून उजवीकडे.
तिपेडी वेणी म्हणा,
जिचा एकेक पेड वेणीच्या उलट ओढ घेतो
आणि त्या भांडणावरच वेणी टिकते.

हे मला पेपरांतून कळलं.
नॉर्मन स्टेदर्सला हातांतून.

आमचा तंत्रज्ञ, निवृत्तीला सात महिने.
त्याचे वडील नदीकाठच्या दोरखान्यात
कमरेला तागाचा पुंजका गुंडाळून
दिवसभर मागे मागे चालत दोर वळायचे:
जायचं तिकडे पाठ,
वळून झालं त्याच्याकडे तोंड.
ही गोष्ट नॉर्मननं मला चारदा सांगितली आहे.
चारही वेळा त्याची खुर्ची
थोडी मागे सरकली.

जेवणाच्या सुट्टीत तो पार्सलची सुतळी सोडून
तिचे तीन तुकडे करून दाखवतो.
आधी प्रत्येकाला इकडे पीळ, मग सगळ्यांना तिकडे,
आणि सोड.
सोडलं तरी सुटत नाही.
त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका
तळव्याशी मिटलेली आहेत, कधीपासूनच.
ती दोन वगळून तो वळतो.

मी म्हटलं, आमच्याकडे म्हणतात,
सुंभ जळला तरी पीळ जात नाही.
त्यानं चहा ढवळला. बराच वेळ ढवळला.
‘सुंभ म्हणजे कुठला? मनिला की सायझल?’
काथ्याचा.
‘मग बरोबर आहे. काथ्या बुडतसुद्धा नाही.’

यंत्रातून मळसूत्री प्रकाश जातो,
एकदा डावा, एकदा उजवा,
सेकंदाला हजारो वेळा.
नमुना त्यातला एक दुसऱ्याहून किंचित जास्त गिळतो.
त्या किंचितावर माझी फेलोशिप चालते.

पडद्यावर एक टेकडी.
दहा अंश, टेकडी.
बारा, टेकडी.
चौदाला तिचा माथा खचतो,
सोळाला सपाट माळ.
माणसाचा पीळ चाळिशीपर्यंत तग धरतो.
बर्फाळ समुद्रातल्या या माशाचा
हलच्या मे महिन्यात जातो,
जाळायची गरजच नाही.

म्हण खोटी, असं वहीत लिहायला घेतलं होतं.
पुन्हा थंड केलं तर काही पीळ परततो,
पण नको तिथे, नको त्या साखळीशी;
त्याला जेली म्हणतात,
वाढदिवसाला मुलं खातात.
ओळ अर्धीच ठेवली.

काल नॉर्मन पडद्यासमोर उभा राहिला.
‘डॉक्टर म्हणतात माझ्या हातातही हेच आहे.
कातडीखाली दाट झालंय. दोरासारखं लागतं, बघ.’
मी बोट ठेवलं.
तळव्यातून अनामिकेकडे जाणारी एक गाठाळ दोरी,
ताणलेली, जणू पलीकडे जहाज आहे.
तेच?
तेच, मी म्हटलं. त्याच तीन साखळ्या.
एप्रिलमध्ये कापायचं विचारतायत.
त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.

मग बर्फातली एक नळी उचलून
त्यानं त्या न उघडणाऱ्या बोटांत धरली.
छान बसली, जणू तिच्यासाठीच ती मिटली होती.
आम्ही दोघं गप्प. कोपऱ्यात पंखा घरघरत होता.
थोड्या वेळानं त्यानं नळी कलती केली:
मघाशी मधासारखं ओघळणारं
आता पाण्यासारखं धावलं.

आतला पीळ गेला.
बाहेरचा तसाच.

‘लवकर हार मानली यानं,’ नॉर्मन म्हणाला,
आणि बोटं एकेक करून
डाव्या हातानं नळीवरून सोडवली.

वहीत लिहिलं:
नमुना एक्केचाळीस. हाताळताना वाया.